कॅमेऱ्याआडची नळी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापुरातल्या एका पेठेतून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५८ वर्षांच्या, यजमान निवृत्त, एकुलती एक लेक बंगळुरूला नोकरीला. टाळेबंदीत घरून काम करताना लेकीनं लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. ऑफिस उघडलं तशी ती गेली, पिल्लू इथंच राहिलं आणि आता त्याचं ३६ किलोचं धूड झालंय. त्याला आपण मोका म्हणू. (खरं नाव छापत नाही. पेठेत माणसाच्या नावावरून घर सापडायला वेळ लागतो, कुत्र्याच्या नावावरून लगेच सापडतं.)

गेल्या दिवाळीत लेकीनं तीन वस्तू पाठवल्या: ठरल्या वेळी वाडग्यात खाणं ओतणारं यंत्र, हॉलमध्ये लावायचा बोलका कॅमेरा आणि पावलं मोजणारा गळपट्टा. तिन्हींच्या नाड्या तिच्या फोनमध्ये. तेव्हापासून भरदुपारी भिंतीवरून आवाज येतो, "आई, त्याला भाकरी कशाला दिलीस?" आणि मोका तो आवाज शोधत टीव्हीच्या मागं जाऊन बसतो. ताई लिहितात, "स्वतःच्या घरात पदर सारखा करून बसावं लागतं. ह्यांच्याशी धड भांडताही येत नाही." यजमानांनी त्यावर तोड काढली आहे. न्हाणीघराजवळचा बोळ कॅमेऱ्यात दिसत नाही, हे त्यांनी हेरलंय. रविवारी तिथं मोकाला तांबड्या रश्श्यातली नळी आणि रश्श्यात कुस्करलेली भाकरी मिळते. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेची जेवणं गल्लोगल्ली झाली, तेव्हा तर मोकाचीही चंगळ होती.

आता श्रावण लागला, घरात मटण बंद. यंत्र वेळेवर कोरड्या खाण्याच्या गोळ्या ओततं, मोका हुंगतो आणि निघून जातो. लेकीला फोनवर सगळं दिसतं. ती म्हणते, "तुम्हाला जमत नसेल तर मी त्याला इकडं आणते, इथं चांगलं डे-केअर आहे." यजमान म्हणतात, "यंत्र घेऊन जा म्हणावं, कुत्रं आमचं आहे." ताईंचा प्रश्न असा: "उपाशी जीव बघवत नाही. आमच्या घरातली आजवरची कुत्री रस्सा-भाकरी खाऊनच मोठी झाली. मुलीचं ऐकू, ह्यांचं ऐकू, की कुत्रं देऊन मोकळी होऊ?"

उत्तर:

ताई, तुमच्या घरात सध्या सरळ बोलणारा एकटा मोकाच आहे. यजमान बोळातून कारभार करतात, लेक भिंतीतून बोलते आणि तुम्ही दोघांनाही सांभाळून घेता. मोकानं मात्र वाडगा हुंगून जे सांगायचं ते सांगितलंय. म्हणून आधी त्याचं ऐकू.

यंत्राच्या टाकीत हात घाला, एक गोळी काढून बोटांत मोडा. कटकन मोडायला हवी. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरात काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, तिथं आठवडाभर टाकीत पडलेल्या गोळ्या सादळणारच. त्यांत चरबी असते, ती खवट होते. ओल टिकली तर बुरशीही धरते. आपल्याला वास येईपर्यंत कुत्र्याला तो कधीच आलेला असतो. यंत्राला नाक नसल्यामुळं ते तेवढेच ग्रॅम इमानानं ओतत राहतं आणि बंगळुरूला 'खाणं दिलं' असा निरोप जातो. टाकी रिकामी करा, धुऊन खडखडीत वाळवा आणि पावसाळाभर तीत एका दिवसापुरतंच भरा. बाकीचं मूळ पिशवीतच ठेवा, तोंड घट्ट बांधून ती पिशवी झाकणाच्या डब्यात. आणि लेकीला सांगा की महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच पिशवी मागव. मोठ्या पिशवीतली बचत पावसाळ्यात बुरशीच खाते.

ताज्या, कुरकुरीत गोळ्याही त्यानं नाकारल्या, तर मात्र तो बोळाकडं डोळे लावून बसलाय असं समजा. आषाढभर गल्लीनं ज्याला पंगतीला बसवलं, तो श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात गोळ्यांवर कसा खूश होईल? पाऊण तास वाडगा समोर ठेवा, नाही खाल्लं तर उचला, पुढच्या वेळेला ताजं द्या. मध्ये बिस्किट नाही, चपातीचा तुकडा नाही. निरोगी, धडधाकट कुत्रं एक-दोन वेळा रुसलं म्हणून काही होत नाही. पण अख्खा दिवस तोंडात काहीच घेतलं नाही, किंवा सोबत उलटी, जुलाब, सुस्ती असेल, तर हा रुसवा नव्हे. मग डॉक्टरांकडं.

आता तो 'उपाशी जीव'. ताई, लॅब्राडोरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना या जातीत एक मजेशीर गोष्ट सापडली. साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्यात या जनुकाचा हात असतो. तो तुकडा नसलेली कुत्री खाण्यामागं जास्त लागतात आणि वजनानंही जास्त भरतात. तुमच्या मोकात तो तुकडा आहे की नाही देव जाणे, पण ताटाशी बसून लाळ गाळणारा, जन्मोजन्मीचा भुकेला चेहरा हा भुकेचा पुरावा म्हणून धरू नका. पुरावा बरगड्यांवर असतो. त्याच्या अंगावरून दोन्ही बाजूंनी तळहात फिरवा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या आणि वरून बघितल्यावर पोटाशी कंबर दिसली, तर त्याचं बरं चाललंय. बोटं रुतवून बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर श्रावण त्याला मानवेलच.

यजमानांच्या रविवारकडं येऊ. ते प्रेमानं देतात, याबद्दल मला शंका नाही. उलट नळी स्वतः न खाता दुसऱ्याला देणारा कोल्हापूरकर म्हणजे थोरच. पण ही नळी बंद करायला हवी, आणि हे मी लेकीची बाजू घेऊन म्हणत नाही.

कांदा आणि लसणात गंधकाची अशी द्रव्यं असतात की त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून, वाळवून ती जात नाहीत. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर त्रास होऊ शकतो असं पशुवैद्यक मानतात. म्हणजे मोकाला साधारण १८० ग्रॅम, दोन मध्यम कांदे. 'एवढा कुठं जातोय' असं यजमान म्हणतील. पण आपली कांदा-लसूण चटणी म्हणजे वाळवून कुटलेला कांदा-लसूण. त्यातलं पाणी गेलेलं असतं, म्हणून चमच्यामागं जोर वाढतो. लसूण तर कांद्याहून जहाल. शिवाय थोडं थोडं पुन्हा पुन्हा गेलं तरी नुकसान साचत जातं. आणि यातला सगळ्यात फसवा भाग असा की लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. रविवारी रस्सा खाल्लेलं कुत्रं गुरुवारी मलूल पडतं, हिरड्या फिकट होतात, लघवी गडद तांबूस होते, आणि घरात चर्चा चालते ती पावसाळी हवेची.

नळीचं वेगळंच. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, फुटलं की त्याच्या टोकदार चिपा होतात. त्या घशात अडकतात, आतड्याला भोक पाडू शकतात. नळीचा गोल तुकडा खालच्या जबड्यावर बांगडीसारखा चढून बसतो आणि मग तो काढायला भूल द्यावी लागते. वर आतली चरबी एकदम पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते.

'आमची आजवरची कुत्री' हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. ती कुत्री रस्सा-भाकरी खाऊन मोठी झाली, हे खरं. पण ती किती वर्षं जगली आणि कशानं गेली, हे घरात कुणाला आठवतं? कुत्रं एक दिवस कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि 'म्हातारं झालं होतं' म्हणून विषय मिटायचा. त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. शिवाय ती दिवसभर गल्ल्या पालथ्या घालायची. मोका पंख्याखाली फरशीवर पडून असतो.

मटण मात्र वर्ज्य नाही. पुढं घरात मटण आलं की हळद-मीठ लावायच्या आधीच बिनहाडाचे चार तुकडे बाजूला काढा. लक्षात ठेवा, आळणीतून, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्यातून, काढायचे नाहीत, आळणीत आलं-लसूण आधीच पडलेलं असतं. नुसत्या पाण्यात शिजवा, गार झाल्यावर वरची चरबी काढून टाका आणि ते पाणी डावभर गोळ्यांवर घाला. मोकाचा पांढरा रस्सा तोच. असलं सगळं वरखाणं मिळून दिवसाच्या आहाराचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त नको, आणि तेवढ्या गोळ्या कमी करा. ज्वारीची भाकरी चतकोर, दह्यात कालवून दिली तर लेकीनंही भिंतीतून ओरडायचं कारण नाही. दुधाचं बघून ठरवा. गंगावेशीतलं धारोष्ण दूध आपल्याला कितीही प्यारं असलं, तरी बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पहाटे तुम्हाला अंगण धुवावं लागतं.

श्रावणाबद्दल दोन शब्द. मोकाला श्रावण पाळायला लावायचा की नाही, या धर्मसंकटात तुम्ही पडू नका. गोळ्यांच्या पिशवीची मागची बाजू वाचा. बहुतेक पिशव्यांवर कोंबडी लिहिलेली असते. म्हणजे श्रावणातही तो रोज कोंबडीच खातोय, फक्त ती दळून गोल केलेली आहे. पिशवी देवघराच्या जवळ असेल तर जागा बदला, विषय संपला. खरी भीती या महिन्यात वेगळीच आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे. तासगावचे असोत की कुठले, द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती सोसतील याचा नेम नाही. सत्यनारायणाला आलेलं गल्लीतलं पोर 'घे रे मोक्या' म्हणत द्रोण पुढं करतं, त्याला आधीच सांगून ठेवा.

(मांजरवाल्या वाचकांनी इथं कान टवकारावेत. मांजराला मांस लागतंच. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला आयतं मांसातूनच मिळतं, ते नसलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूध-भातावर श्रावण काढणारं मांजर खरं तर शेजाऱ्यांकडं जेवून येत असतं.)

आता त्या तीन वस्तू.

गळपट्ट्याचं मला हसू आलं. तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंय की सकाळी दोघं रंकाळ्यावर जातात आणि पावलं फारच कमी भरतात. पट्ट्यानं मोकाची नव्हे, यजमानांची चहाडी केली. मित्रमंडळीत बसून चहा चाललेला असताना कुत्र्याची पावलं कशी वाढतील? पण पावसाळ्यात त्या आकड्याला फार मनावर घेऊ नका, आणि लेकीलाही घेऊ देऊ नका. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं, पट्ट्याला ठाऊक नसतं. साचलेल्या पाण्यातून कुत्रं चालवू नका. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार कुत्र्याला होतो आणि माणसालाही. त्याची लस दरवर्षी घ्यायची असते. फिरून आलं की पंजे पुसा, बोटांच्या बेचक्यात आणि कानांत गोचीड बघा. हे दहा मिनिटांचं काम कुठल्याही पट्ट्यापेक्षा मोलाचं आहे.

यंत्र ठेवा, पण त्याचं काम बदला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात आणि उतरलं की आपोआप मिटतात. त्यांना वायफाय लागत नाही. असे दरवाजे असूनही पावसाळ्यात धरणावर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतंच. तुमच्या घरी उलटं झालंय. डोळ्यांत तेल घालून बसलेली व्यक्ती सहाशे किलोमीटरवर आहे आणि वाडग्याशेजारी असलेल्या तुम्हाला काही ठरवायची मुभा नाही. तुम्ही लग्नाला गेलात, जोतिबाला गेलात, तर यंत्राला कामाला लावा. एरवी वाडगा तुम्ही भरा. फक्त अंदाजानं नको, मोजून. कारण 'मूठभर' म्हणजे किती, हे यजमानांच्या मुठीवर ठरतं.

कॅमेऱ्याबाबत मी तुमच्या बाजूनं आहे. ज्या घरात माणसं राहतात, त्या घराच्या कॅमेऱ्याला टोपडं घालायचा हक्क त्या माणसांचा. तो खाली आणून वाडग्याकडं वळवा, आवाजाची सोय बंद करा, पाहुणे आले की बटण बंद. अचानक आलेल्या आवाजानं मोका टीव्हीमागं शोधत बसतो, हे लेकीला सांगा. तिला कदाचित ठाऊकही नसेल, कारण टीव्हीमागचं कॅमेऱ्यात दिसत नाही. तिला त्याच्याशी बोलायचंय, तर रात्री ठरल्या वेळी फोन करावा, तुम्ही फोन त्याच्या कानाशी धरा.

पण ती अविश्वासानं बघते, असं पक्कं धरून बसू नका. जो जीव आपण हौसेनं आणला तो आईच्या गळ्यात घालून जाणाऱ्या पोरीला आत कुठंतरी टोचत असणार, असं मला वाटतं. ग्रॅम आणि पावलं मोजून ती आपल्या वाट्याचं काम करू बघतेय. तिला खरं काम द्या. लशींच्या तारखा, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध, पिशवी संपत आली की नवी मागवणं. हे सगळं फोनवरून उत्तम होतं आणि आपल्या पिढीकडून हमखास विसरतं.

बंगळुरूला पाठवायचं का? तिची बाजूही लंगडी नाही. एप्रिल-मेच्या कोल्हापूरपेक्षा तिथली हवा लॅब्राडोरला बरी. पण सकाळी डे-केअर, रात्री फ्लॅट आणि मधल्या वेळी ऑफिसला गेलेली मालकीण, हे त्याच्या आत्ताच्या दिवसापेक्षा बरं आहे का, याचं उत्तर भांडणाच्या भरात देऊ नये. तिची इच्छा खरीच असेल तर थंडीत पंधरा दिवस नेऊन बघावं, दोघांचं कसं जमतं ते दिसेल. 'ऐकत नाही तर नेते' आणि 'यंत्र घेऊन जा' ही मात्र कुत्र्याची काळजी नव्हे. त्या बापलेकीचं जुनंच काहीतरी मोकाच्या वाडग्यात सांडतंय. त्यात तुम्ही निरोप्या होऊ नका. बाप आणि लेकीनं एकमेकांना फोन करावा.

तुम्ही विचारलंत कुणाचं ऐकू. मोकाच्या खाण्यात आजपासून तुमचं चालावं, कारण पावसात पंजे पुसणारी आणि पहाटे अंगण धुणारी तुम्हीच आहात. पण ज्याचं चालतं त्यानं लपवाछपवी करून भागत नाही. म्हणून लेकीला आधी तुम्हीच लिहा. साधं लिहा: "मोकाला रविवारी रश्श्यातली नळी मिळत होती, ती बंद केली. गोळ्या सादळल्या होत्या, म्हणून खात नव्हता. कॅमेरा आता वाडग्याकडं आहे, आवाज बंद. रात्री साडेआठला फोन कर." ती चिडेल. दोन दिवस चिडू दे.

आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा. वजन करून घ्या, रक्त तपासून घ्या, दिवसाला किती ग्रॅम द्यायचं ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, म्हणजे तो कागद तिघांनाही दाखवता येईल. रस्सा आणि हाडं किती दिवसांपासून चालली आहेत, हे त्यांना खरं सांगायला हवं, त्यावरच पुढच्या तपासण्या ठरतील. तेव्हा यजमानांना बरोबर न्या. बोळातला हिशेब त्यांच्याच डोक्यात आहे.